काढलेली माती

सर्जाची बहीण शालनअक्का तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. बायकांनी आत यायचं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलीला ते माहीत असायचं. तिच्या काखेत प्रवासाची पिशवी होती. सकाळच्या एसटीनं ती मिरजेहून आली होती आणि दुपारच्या एसटीनं तिला परत जायचं होतं.

"वस्ताद हायत का?" तिनं मला विचारलं.

"हायत. गुरुजीबी आल्यात. सर्जा कसा हाय?"

"मानेखाली कायबी हलत न्हाई. बोलतोय तेवढा. डॉक्टर म्हनले, आता घरच्यांनी जवळच थांबा." तिनं पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "त्याचं एकच मागणं हाय, निवास. तेवढं इचारायला आलीया. मला हो-न्हाई घेऊन आजच्या आज जायाचं हाय. उद्या त्यो ऐकंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

मागणं काय असणार, ते मला न सांगता कळलं.

सर्जेराव मोहिते आणि मी एकाच दिवशी थोरल्या तालमीत दाखल झालो होतो. वारणेकाठच्या आमच्या गावात तेव्हा दोन तालमी होत्या, पण थोरलीचा मान वेगळा होता. नवा गडी येताना आपल्या शेतातली घमेलंभर माती चाळून घेऊन यायचा. दौलू वस्ताद ती स्वतःच्या हातानं कुस्तीच्या हौद्यात मिसळायचे. त्या दिवसापासून गडी तालमीचा. मी माळाची मुरमाड माती आणली होती, सर्जानं नदीकाठची मळीची. वरून काव, हळद, तेल, ताक पडलं की सगळं एकच तांबडं होऊन जायचं.

तालमीचा मल्ल गेला की त्याची तिरडी तालमीच्या दारात टेकवायची. वस्ताद हौद्यातली माती आणून त्याच्या कपाळाला आणि दोन्ही खांद्यांना लावायचे. मग पुढे नदीवर न्यायचं. सर्जाला ती माती हवी होती.

आणि दारावर, गणपतीच्या चित्राखाली, तेलरंगात एक वाक्य लिहिलेलं होतं: या मातीत कोणी मोडला नाही.

सर्जाची मान त्या मातीत मोडली तेव्हा मी हौद्याच्या कडेला उभा होतो. त्या पहाटे मी त्याला तेल लावत असताना तो दोनदा कळवळला होता. मानेतून कळ निघून बोटांपर्यंत येते म्हणाला. मी म्हटलं, वस्तादांना सांग. त्यानं सांगितलं. वस्ताद हसले.

"मान दुखती म्हननारा पैलवान म्या अजून बघितला न्हाई," ते म्हणाले.

सर्जाही हसला. ओशाळला असावा. त्यानं लंगोट आवळला आणि हौद्यात उतरला. वस्तादांनी त्याच्यावर मारुतीला सोडलं. मारुती वजनानं त्याच्यापेक्षा पुष्कळ भारी. त्यानं कलाजंग डाव मारला, सर्जा डोक्यावर आला. आवाज फार मोठा झाला नाही. मारुती बाजूला झाला, तरी सर्जा उठला नाही. वर छताकडे बघत त्यानं मला विचारलं, "निवास, माझा हात कुठं हाय रं?"

हात त्याच्या छातीवरच होता.

तर शालनअक्का बाहेर उभी आणि आत हौद्याभोवती तालीम बसलेली. वस्ताद भिंतीला टेकून. त्यांनी सर्जाला लहानपणापासून स्वतःच्या हातानं बदाम भरवले होते आणि चार दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. त्यांच्या शेजारी इंगवले गुरुजी. ते शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक आणि तालमीचे अध्यक्ष. मारुती कोपऱ्यात, गुडघ्यात तोंड घालून. बाकीचे गडी मांडी घालून.

"शालन, बस पोरी पायरीवर," गुरुजी म्हणाले.

"उभी हाय ती बरी हाय."

तिनं मागणं सांगितलं. फार बोलली नाही. शेवटी म्हणाली, "त्याला मी जाऊन सांगितलं पायजे. वस्ताद हो म्हनले म्हनून."

गुरुजींनी चष्मा पुसला.

"सर्जाबद्दल वाईट वाटत नाही असा एक माणूस इथं नाही," ते म्हणाले. "पण दारात आणायचं म्हणजे तालमीचा गडी म्हणून आणायचं. आधी ते ठरलं पाहिजे."

"त्यात ठरवायचं काय? मिसरूड फुटायच्या आधीपासनं हितं घाम गाळतोय त्यो."

"घाम हमालही गाळतो. म्हणून त्याला तालमीचा गडी म्हणायचं का?"

मी उंबरा आणि हौदा यांच्या मध्ये उभा होतो. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"गुरुजी," मी म्हणालो, "मान दुखत हुती त्याची. त्यानं वस्तादांना सांगितलं हुतं. मी हुतो तिथं."

"म्हणजे वस्तादांनी त्याची मान मोडली, असं तुझं म्हणणं?"

"न्हाई. सांगितलं हुतं, एवढंच म्हनलो."

"एकच झालं की." ते बाकीच्यांकडे वळले. "ऐकलंत? वस्तादांनी पोराचा जीव घेतला म्हणतोय हा."

गडी हलले. कुणीतरी मागून म्हणालं, "लाज वाटू दे लेका. त्यांच्या हातचं खाल्लंस."

"मी तसं म्हनलोच न्हाई!"

"मग घे की माघारी," मागचा म्हणाला.

जे म्हटलंच नव्हतं ते माघारी कसं घ्यायचं, ते मला सुचलं नाही. मी वस्तादांकडे बघितलं. ते हौद्याकडे बघत होते.

"दुसरी गोष्ट," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात गणित समजावून सांगावं तसे ते बोलत. "मागच्या आठवड्यात सर्जा इस्लामपूरला सिनेमाला गेला होता. हॉटेलात खाऊन आला. खरं का खोटं?"

"खरं."

"आणि त्याच आठवड्यात मोडला."

"मीबी हुतो संगट. मीबी खाल्लं. माझी मान कुठं मोडली?"

"तुझी अजून मोडली नाही, म्हणून तर बोलतोयस."

दोघं-तिघं हसले. हसायची ती वेळ नव्हती हे लक्षात येऊन लगेच गप्प झाले. दाराबाहेर शालनअक्कानं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"हे बघ निवास," गुरुजी म्हणाले, "इतकी वर्षं तालीम आहे. या मातीत मोडलेला एक गडी दाखव. एक. मग आपण बोलू."

"बंडा जाधव. गुडघा गेला त्याचा. हितंच."

"बंडाचं लग्न झालं होतं. संसारी माणूस तालमीचा नसतो."

"मारुतीचंबी झालंय की लगीन."

मारुतीनं मान वर केली.

"मारुती मोडलाय का?" गुरुजींनी विचारलं.

मारुतीनं पुन्हा गुडघ्यात तोंड घातलं.

"शंकर कोष्टी," मी म्हणालो. "छातीत कळ आली आन् हौद्यातच पडला. उठलाच न्हाई."

या वेळी वस्ताद बोलले. हौद्यावरची नजर न काढता म्हणाले, "शंकरची माती काढली हुती."

"कधी?"

"पडला त्याच दिशी."

माती काढणं ही तालमीची सगळ्यांत मोठी शिक्षा होती. गडी तालमीतून काढला की वस्ताद हौद्यातून घमेलंभर माती काढून बाहेर टाकायचे. आणली तेवढी परत. मी ती शिक्षा ऐकून होतो, होताना कधी बघितली नव्हती.

मला एकाएकी सगळं स्पष्ट दिसलं. ते इतकं सोपं होतं, की बोललो की त्यांनाही दिसेल असं मला वाटलं. तेव्हा माझं वय तसं होतं.

"म्हंजे जो मोडला त्यो आपला न्हवता," मी म्हणालो. "आन् आपला कोण? तर जो मोडला न्हाई त्यो. मग दारावरचं वाक्य कधी खोटं ठरायचं? आक्खी तालीम मोडून पडली तरीबी ते खरंच ऱ्हानार की."

वस्तादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"बराबर हाय की मग," ते म्हणाले. "हेच तर म्या पोरांना सांगतो. त्यात चुकलं काय?"

बाकीच्या गड्यांनी माना हलवल्या. मी त्यांचंच म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडलं होतं.

"वस्ताद," बाहेरून शालनअक्का म्हणाली. ती उंबऱ्याला इतकी चिकटून उभी होती, की तिच्या चपलांची टोकं आत आली होती. "तुमी त्याला बदाम भरवलंत. ताप आला तर उशाला बसलात. आमच्या आईनं केलं न्हाई तेवढं केलंत. मग त्यो कुनाचा हुता?"

वस्तादांनी भिंतीवरून पाठ काढली.

"माझा हुता," ते म्हणाले. "पर मोडला, शालन."

ते खोटं बोलत नव्हते. सर्जा त्यांना पोटच्या पोरासारखा होता आणि तो मोडला होता. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र राहत नव्हत्या, त्यांतली एक बाहेर काढावी लागणार होती.

गुरुजींनी सगळ्यांना विचारलं. सर्जा तालमीचा गडी नव्हता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर झाले. मारुतीचा सगळ्यांत शेवटी.

"माझं म्हननं तसं न्हाई," मी म्हणालो.

"तालमीचा गडी तालमीविरुद्ध बोलत नाही," गुरुजी म्हणाले.

"मी बोलतोय की."

"तेच म्हणतोय मी."

ते काय म्हणतायत, हे कळायला मला थोडा वेळ लागला. वस्तादांना लगेच कळलं. ते भिंतीला हात देऊन उठले, फावडं घेतलं आणि हौद्याच्या एका कोपऱ्यातून घमेल्यात माती ओढली. कुठून ओढायची याचा त्यांनी विचार केला नाही. घमेलं स्वतः उचललं आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

तालमीमागे करंजाचं झाड होतं. त्याखाली एक गवताळ उंचवटा होता. लढती झाल्या की सर्जा आणि मी त्यावर घाम वाळवत बसायचो. करंजाची खालची फांदी डोक्यावर चांगली उंच होती. उंचवट्यावरून उडी मारून ती धरायची आणि लोंबकळत राहायचं, अशी आमची पैज असायची. बहुतेक वेळा तोच जिंकायचा. वस्तादांनी घमेलं त्या उंचवट्यावर पालथं केलं, परत आले आणि दुसरं भरलं.

पहिलं सर्जाचं होतं. दुसरं माझं.

दुसरं घमेलं बाहेर गेल्यावर गुरुजी दारापाशी आले.

"शालन, सगळ्यांना विचारलं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तालमीतल्या एकाही गड्याचं वेगळं मत नाही. एकमतानं ठरलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस."

शालनअक्कानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हौद्याच्या कडेला उभा होतो, पण आता ते मोजण्यात धरलं जात नव्हतं.

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. एसटी यायची होती. ती बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहिली.

"दाराकडं डोळं लावून पडला आसंल," ती म्हणाली. "काय सांगू त्याला?"

मी तिची पिशवी माझ्याकडे घेतली.

"हो म्हनले म्हनून सांगते. खोटं बोलायचं पाप माझं." गाडी वळणावर दिसली तशी ती उठली. "पर निवास, माती तू आन."

"कुठनं आनू? मला आता आत घेत न्हाईत."

"ते मला ठावं न्हाई. मी त्याला सांगनार हाय. आता तू बघ."

सर्जा त्या आठवड्याच्या शेवटी गेला. शालनअक्का म्हणाली, निरोप ऐकला तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि नंतर पाणी मागितलं. त्यानंतर तालमीचं नाव काढलं नाही.

त्याला टेम्पोतून गावात आणलं ती सकाळ कोरडी, वाऱ्याची होती. नदीकडे जायची वाट तालमीवरूनच जाते, दुसरी नाही. तिरडीला खांदा द्यायला भावकीतले होते. मोहित्यांच्या आळीच्या तोंडाशी मारुती उभा होता. कुणाशी न बोलता तो पुढे आला आणि एकाला बाजूला करून त्यानं खांदा दिला. मारुतीची माती तालमीनं पुढच्याच महिन्यात काढली.

तालमीचं दार बंद होतं. आत लढती चालल्या होत्या. शड्डू ऐकू येत होते. खांदेकरी दारापाशी आले आणि सवयीनं थांबले. कुणीतरी म्हणालं, चला पुढं. शालनअक्का म्हणाली, टेकवा.

मी आधीच तालमीमागे गेलो होतो. करंजाखाली टाकलेली दोन घमेल्यांची माती वाऱ्यानं पसरली होती, वेगळी ओळखू येत नव्हती. म्हणून मी उंचवट्यातच हात घातला. वरचं गवत उपटलं. खाली तांबडी माती लागली. मनगटापर्यंत हात गेला तरी तांबडी. मी बसून दोन्ही हातांनी उकरलं. कोपरापर्यंत गेलो, त्या मातीला हळदीचा आणि जुन्या तेलाचा वास येत होता. आमच्या गावठाणातली जमीन काळी आहे. तालमीमागची सगळी जागा काळी आहे. फक्त तो उंचवटा तांबडा होता, वरपासून खालपर्यंत.

आम्ही इतकी वर्षं कशावर बसत होतो, ते मला तेव्हा कळलं.

पंच्यात माती भरून मी पुढे आलो. सर्जाच्या कपाळाला लावली, मग दोन्ही खांद्यांना. त्याच्या मानेला हात लागणार नाही अशी काळजी घेतली. आता तिची गरज नव्हती, तरी घेतली.

"तालमीचीच ना?" शालनअक्कानं हळू विचारलं.

"तालमीचीच," मी म्हणालो.

पुढे मी गाव सोडलं आणि सांगलीत एका दैनिकात लागलो. बरीच वर्षं गेली. एके दिवशी माझ्या टेबलावर तालमीच्या शतकमहोत्सवाचं निवेदन आलं. इंगवले गुरुजींच्या मुलाची सही होती. त्यात एक वाक्य अधोरेखित होतं: शंभर वर्षांत तालमीचा एकही मल्ल जायबंदी झालेला नाही. संपादक म्हणाले, वाक्य चांगलं आहे, पण खातरी करून घे.

मी गावी गेलो. दौलू वस्ताद पुतण्याच्या घरी सोप्यात बाजेवर पडून होते. देह सुकला होता, पंजे मात्र तेवढेच मोठे होते. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

"निवास का रं? बस. लई जाड झालास. पेपरवाली मानसं बसून खात्यात."

"तुमाला काय झालं, वस्ताद?"

"खुबा मोडला."

"कुठं पडलात?"

"हौद्यात. माती उकरताना पाय सरकला."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"वाक्य खोटं न्हाई पडलं," ते म्हणाले. "त्याच सांजंला गुरुजींच्या पोराकडं निरोप धाडला. माझी माती काढा म्हनलं. काढली. तसा उशीर न्हाई केला त्यांनी."

"तुमीच सांगितलं?"

"मग कोन सांगनार? सगळी हयात तेच शिकवलं नव्हं?"

पुतण्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. वस्तादांना बशीनं पाजला. ती आत गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. झोपले असं वाटून मी उठायला लागलो.

"सर्जाला माती लावलीस तू," ते म्हणाले. "दाराच्या फटीतनं बघितलं म्या. कुठली लावलीस?"

"करंजाखालची."

"म्हंजे काढलेली."

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. पंजे चादरीवर उघडे पडले होते.

"मी गेलो की दार उघडायचे न्हाईत," ते म्हणाले. "नियमच हाय. उघडूबी नये." मग त्यांनी विचारलं, "तिथं अजून हाय का रं माती? का वाहून गेली?"

"बघून येतो."

"बघ. आन् असली तर..."

"आनतो, वस्ताद," मी म्हणालो.

बातमी छापून आली, त्या वाक्यासकट. मी गावात दोन दिवस फिरलो होतो. बंडा जाधव भेटला, कोष्ट्याचा भाऊ भेटला, मारुती भेटला, मी स्वतः होतो. वाक्य खोटं आहे असं सांगणारा तालमीचा एकही माणूस मिळाला नाही.

त्या दिवशी वस्तादांकडून निघाल्यावर मी तालमीवरून गेलो होतो. दारावरच्या अक्षरांना नवा रंग दिला होता. मागे करंजाखालच्या उंचवट्यावर तीन पैलवान घाम वाळवत बसले होते. त्यांतला एक बोलता बोलता, बसल्या जागेवरून, आम्ही उडी मारून धरायचो त्या खालच्या फांदीची पानं तोडत होता.